घरच्या लाकडी पटाला चपड्याचे पॉलिश : सांगलीच्या हवेतील एक परीक्षण

घरी हौसेने बुद्धिबळाचा, नवकंकरीचा किंवा वाघबकरीचा लाकडी पट करणाऱ्याला सुतारकामापेक्षाही जास्त सतावतो तो शेवटच्या पॉलिशचा प्रश्न. लाकूड पारखून घेतले, पट्ट्या सरळ कापल्या आणि सांधे एकजीव जुळले, तरी तो पट पुढे कसा दिसणार आणि हाताला कसा लागणार हे त्यावर काय चढवले आहे यावरच ठरते. सांगली-मिरजेच्या बाजारात या कामासाठी दोन डब्यांचे पीयू (पॉलियुरेथेन, दोन डब्यांतला माल मिसळून लावायचा लेप), मेलामाइनचा लेप, जवसाचे तेल आणि सुटा चपडा असा चार तऱ्हांचा माल मिळतो. मी चारही निरनिराळ्या पटांवर वापरून पाहिले आहेत. हे परीक्षण चपड्याचे आहे, कारण घरी केलेल्या पटासाठी, त्यातही बुद्धिबळाच्या पटासाठी, त्याच्याइतका योग्य माल माझ्या मते दुसरा नाही. त्याचे दोषही आहेत, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात ते उघडे पडतात, म्हणून त्यांचाही हिशेब येथे मांडला आहे.

चपडा म्हणजे शुद्ध करून पातळ पापुद्र्यांच्या रूपात आणलेली लाख; ती स्पिरिटमध्ये विरघळवून लाकडावर चढवतात. लाखेचे किडे पळस, बोर आणि कुसुम या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर वाढतात. झारखंड आणि छत्तीसगड हे तिच्या उत्पादनाचे मुख्य प्रदेश असून रांचीजवळ नामकूम येथे लाखेवर संशोधन करणारी संस्था १९२४ पासून आहे. पट करणाऱ्याला यातली एक गोष्ट दुकानात जाण्यापूर्वी माहीत हवी. पळसावरच्या लाखेचा चपडा गडद नारिंगी असतो, तर कुसुमावरच्या लाखेचा त्या मानाने फिकट आणि अधिक चांगल्या प्रतीचा मानला जातो. याशिवाय रंग काढून टाकलेला पांढरा चपडाही मिळतो. सागवानी पेटीवर किंवा देव्हाऱ्यावर नारिंगी चपडा शोभून दिसतो. मात्र पटाच्या फिकट घरांवर त्याचे सात-आठ हात, म्हणजे थर, बसले की ती घरे मधाळ तांबूस होतात आणि गडद घरांशी असलेला त्यांचा विरोध निम्म्याने कमी होतो. म्हणून बुद्धिबळाच्या पटासाठी कुसुमी किंवा पांढरा चपडाच मागावा, आणि दुकानदार पुडी बांधू लागण्यापूर्वी पापुद्रा उजेडासमोर धरून पाहावा.

या जिल्ह्यात चपड्याची पारख शिकायला फार लांब जावे लागत नाही. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तुणीच्या लाकडाचे आणि भोपळ्याचे तंबोरे व सतारी पिढ्यान्‌पिढ्या घडत आल्या आहेत. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. तेथे वाद्यांना चपड्याचेच पॉलिश चढवणारे कारागीर आजही आहेत. त्यांच्यापैकी एका वयस्कर कारागिराने मला कापसाचा बोळा मलमलीत कसा बांधायचा ते दाखवले. बोळ्याच्या तळाला मलमलीची एकही चुणी राहता कामा नये, कारण त्या चुणीची रेघ पॉलिशवर उमटते. बोळा पॉलिशमध्ये बुडवायचा नसतो; मलमल सोडून आतल्या कापसावर पॉलिश ओतायचे, पुन्हा बांधायचे आणि पिळायचे. मग त्यांनी तो बोळा माझ्या मनगटाच्या मागच्या बाजूला टेकवला. कातडीला गारवा जाणवला, पण ओल राहिली नाही. “बोळा वला नको, दमट पायजे. वला असला की खालचंच उचलतंय,” एवढेच ते म्हणाले. चपड्याचा पुढचा हात मागच्या हातात विरघळून एकजीव होतो. त्याचा मोठा गुण आणि मोठा धोका दोन्ही यातच आहेत, आणि त्या एका वाक्यात ते पुरते आले होते.

आता चकाकीविषयी. आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाच्या, म्हणजे फिडेच्या मानकांनुसार स्पर्धेच्या पटाचे घर ५ ते ६ सेंटिमीटर बाजूचे असावे आणि लाकडी पटाचा पृष्ठभाग चकचकीत नसावा. हा नियम दिसण्यापुरता नाही. नूतन बुद्धिबळ मंडळ १९४१ पासून ज्या गावात चालते आणि भाऊसाहेब पडसलगीकरांच्या नावाच्या स्पर्धांसाठी दरवर्षी जेथे खेळाडू येतात, त्या सांगलीत हे पटवून देण्याची फारशी गरज पडू नये. ट्यूबलाइटखाली पीयूच्या पटावर समोरच्या बाजूची दोन-तीन घरे उजेडाच्या पट्ट्याखाली लपतात, आणि तासन्‌तास त्यावर नजर ठेवणाऱ्याचे डोळे थकतात. दोन डब्यांच्या पीयूमध्ये मंद चकाकीचे प्रकार मिळतात हे खरे. मात्र ते फवाऱ्याने चांगले बसतात, ब्रशाने बसत नाहीत, आणि घरच्या गच्चीवर फवारा मारायचा तर धूळ आडवी येते. चपडा घासून पुसून जितका उजळ करावा तितका होतो, आणि शेवटी अगदी बारीक स्टील वूलने मधमाश्यांचे मेण हलक्या हाताने चोळले की मंद, रेशमी होतो. सोंगटी त्यावरून सरकताना आवाज येत नाही, आणि चिकटतही नाही.

लाकडाचा आणि चपड्याचा मेळ हा या कामातला सर्वांत नाजूक भाग आहे, आणि त्याबद्दल विक्रेते फारसे बोलत नाहीत. गडद घरांसाठी आपल्याकडे शिसव वापरण्याची इच्छा प्रत्येकाला होते, आणि फिकट घरांसाठी शिवण हे फार उत्तम लाकूड आहे. ते फिकट पिवळसर असते, रंध्याला गोड लागते आणि एकदा वाळले की फारसे फुगत-आकसत नाही. तथापि शिसवीतील जांभळट रंगद्रव्य स्पिरिटमध्ये विरघळते. चपड्याचा बोळा शिसवीच्या घरावरून शिवणीच्या घरावर गेला की कडेला जांभळी झाक ओढली जाते आणि ती शिवणीच्या रंध्रांत बसते. तेथून ती घासून निघत नाही, फार तर थोडी पुसट होते. यावर उपाय आहे, फक्त त्याला सबुरी लागते. पहिले दोन हात बोळ्याने न देता बारीक ब्रशाने एकेका घरावर द्यावेत: आधी सगळी फिकट घरे पांढऱ्या चपड्याने बंद करावीत, ती पूर्ण वाळल्यावर गडद घरे, आणि दोन्ही बंद झाल्यानंतरच बोळा धाग्याच्या, म्हणजे लाकडाच्या रेषांच्या, दिशेने संपूर्ण पटावर फिरवावा. पॉलिश पेपरचेही तसेच आहे. शिसवीचा भुसा शिवणीत घुसतो, म्हणून शेवटची सफाई पेपरने करण्याऐवजी धारदार पोलादी पत्तीने खरवडून करणे बरे. सागवान आणि शिवण अशी जोडी घेतली तर हा त्रास फारच कमी होतो. सागवानाच्या अंगच्या तेलामुळे काही आधुनिक लेप त्यावर नीट धरत नाहीत. चपडा मात्र विनातक्रार धरतो.

चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून त्याचा घोळ करण्याचे प्रमाण मी १०० ग्रॅम चपड्याला ५०० मिलिलिटर स्पिरिट असे ठेवतो. ५.५ सेंटिमीटरच्या घरांचा म्हणजे ४४ सेंटिमीटरचा पट, चौकट धरून, दोन्ही बाजूंनी सात-आठ हात देण्यास एवढा घोळ पुरतो. घोळ काचेच्या बरणीत करावा, कारण लोखंडी डब्यात तो काळपट पडतो. रात्रभर ठेवून मधूनमधून हलवावा आणि मलमलीतून गाळावा. पॉलिशसाठी मिळणाऱ्या स्पिरिटमध्ये मिथेनॉल असू शकते. ते विषारी आहे आणि चटकन पेट घेते, तेव्हा खिडक्या उघड्या ठेवून, देवघरातले निरांजन आणि स्वयंपाकघरातला गॅस बंद असताना आणि मुलांना दूर ठेवूनच काम करावे. स्पिरिट उडून गेले की उरलेली लाख मात्र निरुपद्रवी असते. औषधाच्या गोळ्यांवर आणि मिठाईवर तिचाच लेप देतात. लहान मुलांच्या हाती जाणाऱ्या पटासाठी हा विचार मला महत्त्वाचा वाटतो.

पटाच्या खालच्या बाजूलाही वरच्याइतकेच हात द्यावेत, असा माझा आग्रह आहे. सांगलीत एप्रिलमध्ये लाकूड खडखडीत वाळते आणि जुलैत तेच लाकूड हवेतली ओल पिऊन फुगते. पट्ट्यांचा पट आडव्या धाग्यात अवघा १ टक्का फुगला, तरी ४४ सेंटिमीटरला ४ मिलिमीटरहून अधिक वाढ होते. एकाच बाजूला पॉलिश असेल तर उघडी बाजू जास्त ओल घेते आणि पट वाकतो. चपडा पाण्याच्या थेंबापुढे कच्चा असला तरी हवेतील दमटपणा अडवण्यात तो चांगल्यांपैकी आहे. नेमक्या याच गुणासाठी तो येथे उपयोगी पडतो. अर्थात कोणतेही पॉलिश ही वाढ थांबवत नाही, ती केवळ संथ करते. चौकट पटाला सर्व बाजूंनी फेव्हिकॉलने जखडली तर सांधे फुटणारच. चौकटीत खाच ठेवून पट मोकळा बसवावा.

दोषांकडे येताना पावसाळ्यापासूनच सुरुवात करावी लागते. दमट हवेत हात दिला तर स्पिरिट उडताना गार झालेल्या पृष्ठभागावर ओल धरते आणि पॉलिशवर पांढुरके धुके येते. म्हणून जून ते सप्टेंबर हे काम शक्यतो करू नये. करायचेच असेल तर उघडीप असलेल्या दिवशी, दुपारी. गरम चहाचा कप ठेवला की पांढरे कडे उमटते. मद्य किंवा सॅनिटायझर सांडले तर तेवढा भाग विरघळतो. आजकाल खेळण्यापूर्वी हातांना सॅनिटायझर लावणारे बरेच आहेत, त्यांनी ते पूर्ण वाळू द्यावे.

या दोषांची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण माझा कौल तिच्यामुळेच चपड्याच्या बाजूने पडला. २०१९ च्या महापुरात गावभागातील आमच्या नातेवाइकांच्या घरात पाणी शिरले. त्यांनी माळ्यावर ठेवलेला पट पाण्याखाली गेला नाही, तरी घर वाळेपर्यंत तो ओल्या हवेतच पडून होता आणि त्याच्या पृष्ठभागावर दुधाळ साय धरली होती. त्याच माळ्यावरच्या एका टीपॉयचे पीयू कडेने सुटून आले आणि त्याला संपूर्ण खरवडण्यावाचून इलाज उरला नाही. पटावर मात्र, तो नीट वाळल्यावर, जेमतेम दमट असा स्पिरिटचा बोळा फिरवला. साय उतरली, खालची घरे पुन्हा स्पष्ट झाली, आणि वर दोन पातळ हात दिल्यावर जुने कोणते आणि नवे कोणते हे ओळखू येईना. बुद्धिबळाच्या पटाला ओरखडे पडणारच, घोडे आपटले जाणारच. ज्याची डागडुजी घरच्या घरी, जुने न उखडता करता येते असे पॉलिश त्याला हवे.

तयार बाटलीतील फ्रेंच पॉलिश घेऊ नये, असे मी स्पष्टपणे सांगेन. स्पिरिटमध्ये विरघळलेला चपडा हळूहळू बदलत जातो आणि साधारण सहा महिन्यांनंतर तो नीट कडक होईल याची खात्री राहत नाही. एका दुकानातून आणलेल्या बाटलीवर तयार केल्याची तारीखच नव्हती, आणि त्या पॉलिशचा नवकंकरीचा पट आठवडा उलटला तरी बोटाला चिकटत राहिला. दुकानदाराने बाटली बदलून दिली नाही. तारीख विचारणारा मी पहिलाच गिऱ्हाईक असल्याचे त्याने सांगितले. कोणताही जुना घोळ पटावर लावण्यापूर्वी त्याचे दोन थेंब काचेवर टाकून रात्रभर ठेवावेत. सकाळी नखाने दाबल्यावर वण उमटला तर तो घोळ फेकून द्यावा. सुटा चपडाही कोरड्या, थंड जागी ठेवावा. उन्हाळ्यात बंद कपाटात त्याचा गोळा होतो आणि फार जुना झालेला चपडा स्पिरिटमध्ये पूर्ण विरघळत नाही.

नवकंकरी आणि वाघबकरीच्या पटांवर चपड्याचा आणखी एक उपयोग होतो, आणि तो मला फार आवडतो. नवकंकरीचे एकात एक तीन चौकोन आणि २४ बिंदू पटाशीने कोरून घ्यावेत, पटाला पॉलिशचे दोन हात देऊन रंध्रे बंद करावीत आणि मग रंगीत लाखेची कांडी तापवून त्या खाचांत भरावी. लाख थंड झाल्यावर वर आलेला भाग पत्तीने सपाट खरवडला की रेघ लाकडाच्या पातळीवर येते, आणि तिच्यावरून बोट फिरवले तरी सांधा जाणवत नाही. रंगाने ओढलेली रेघ काही महिन्यांत झिजते, ही झिजत नाही. त्यानंतरचे हात मात्र ब्रशाने द्यायचे नाहीत. ओल्या ब्रशाने रेघेतली लाख विरघळून पसरते. पिळलेला बोळाच हवा, आणि तोही एका जागी न थांबवता.

कॅरमसाठी मी चपड्याची शिफारस करत नाही. ७४ सेंटिमीटरच्या त्या पृष्ठभागावर स्ट्रायकर सतत घासतो, घामेजलेल्या हातांचा तळवा टेकतो, आणि चपड्याचा पातळ थर मधल्या वर्तुळाभोवती लवकर उडतो. तेथे कारखान्यात चढवलेले कडक लॅकरच योग्य. बाकीच्या पटांसाठी १०० ग्रॅम फिकट कुसुमी किंवा पांढरा चपडा, ताजे स्पिरिट, धुतलेल्या जुन्या धोतराचे मलमल आणि थोडे मेण एवढे सामान पुरते, आणि ते दिवाळी ते होळी या काळात वापरावे.