इनोव्हा क्रिस्टा, आठ महिन्यांनंतर: पिवळ्या दिव्याची किंमत

मागच्या महिन्यात कोल्हापूरहून इचलकरंजीला परतताना हातकणंगल्याजवळ डॅशबोर्डवर डिझेल फिल्टरचा, म्हणजे त्यात पाणी साचल्याचा, पिवळा दिवा लागला. गाडी नेहमीसारखीच ओढत होती, त्यामुळे नव्या गाडीला आताच खर्च निघाला या विचाराने मला संताप आला. गॅरेजमध्ये मेकॅनिकने फिल्टरच्या तळाचे डिझेल काचेच्या बरणीत काढले, तेव्हा खाली बोटभर पाणी वेगळे होऊन बसलेले दिसले. वाटेतल्या एका पंपावर भरलेल्या डिझेलातून ते आले असावे. हे पाणी इंजिनात डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरपर्यंत पोहोचले असते, तर खर्च काही हजारांत गेला असता. मायलेज, जागा आणि एसी यांबद्दल माझी तक्रार नाही. मला लिहायचे आहे ते या दिव्याविषयीच.

आमच्या घरी दोन पिढ्या यंत्रमाग आहेत. ताणा, म्हणजे कापडाचा उभा धागा, तुटल्यावरही माग चालत राहिला, तर पुढच्या सगळ्या कापडात खोट येते, हे मी लहानपणापासून पाहिले आहे. ही गाडी बनवणाऱ्या टोयोटाचे मूळही मागातच आहे. सुताराच्या घरी जन्मलेल्या साकिची टोयोडांनी धागा तुटताच आपोआप थांबणारे माग घडवले. १९२४ च्या त्यांच्या जी-टाइप मागात तर न थांबता धोटा, म्हणजे आडवा धागा नेणारा भाग, बदलला जाई. त्याचे पेटंट हक्क १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सने घेतले. साकिचींचे चिरंजीव किइचिरो यांनी १९३३ मध्ये त्याच मागाच्या कारखान्यात मोटारींचा विभाग काढला आणि १९३७ मध्ये स्वतंत्र कंपनी उभी राहिली. बिघाड दिसताच यंत्राने थांबावे, या तत्त्वाला तिथे ‘जिदोका’ म्हणतात आणि मोटारींच्या कारखान्यातही ते पाळले जाते.

गाडी घेताना ‘जपानी म्हणजे टिकाऊ’ एवढाच हिशेब मी केला होता. तो आता मला अपुरा वाटतो, कारण टिकण्याइतकेच वेळेवर सांगणेही मोलाचे आहे. शिवाय ही गाडी बनते बंगळूरजवळच्या बिडदीला, किर्लोस्करांच्या भागीदारीत. लोखंडी नांगरापासून सुरुवात करून १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवणारे ते घराणे आणि मागवाले टोयोडा यांचा भारतातला संबंधही १९९५ मध्ये आधी वस्त्रोद्योगाच्या यंत्रांतूनच जुळला, मोटारी त्यानंतर आल्या. आमच्यासारख्या मागवाल्यांना याचे अप्रूप वाटणारच.

वडिलांनी बरणी उजेडात धरून पाहिली आणि ‘ताणा तुटल्याचं कळलं म्हणायचं,’ एवढेच म्हणाले. त्या पंपावर मी पुन्हा गेलो नाही, आणि प्रत्येक सर्व्हिसिंगच्या वेळी फिल्टरचे पाणी माझ्यासमोर काढायला सांगतो.