डरहॅमच्या खाणकामगाराची वंशावळ सांगलीतून शोधताना: इंग्लंडच्या दाखला सेवेचा अनुभव

सांगली जिल्ह्यातील तहसील कचेऱ्यांच्या अभिलेख कक्षांत माझी बहुतेक नोकरी गेली. कोतवाल बुक, फेरफार आणि गाव नमुना चौदा यांच्या जीर्ण पानांतून लोकांचे आजे-पणजे शोधून देणे हेच माझे काम होते. निवृत्तीनंतर हे काम पुन्हा हाती येईल, आणि तेही इंग्लंडमधल्या एका कोळसा खाणकामगारासाठी, असे वाटले नव्हते. माझी सून उत्तर इंग्लंडमधील डरहॅम परगण्याची. तिच्या घरात चार पिढ्या खाणीत उतरल्या, पण पणजोबांपलीकडे कोणाचेही नाव घरात कोणाला सांगता येत नव्हते. नातीच्या बारशाच्या वेळी तिने ही हुरहुर बोलून दाखवली आणि मी विश्रामबागेतल्या घरी बसून शोध सुरू केला. त्यासाठी वापरलेल्या सेवांविषयी, विशेषतः तेथील जनरल रजिस्टर ऑफिस या जन्म-मृत्यू-विवाह नोंदणीच्या सरकारी कार्यालयाच्या ऑनलाइन सूचीविषयी आणि दाखल्यांविषयी, मी येथे लिहीत आहे.

इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्म, विवाह व मृत्यू यांची सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ रोजी सुरू झाली. या नोंदींची सूची जनरल रजिस्टर ऑफिसच्या संकेतस्थळावर खाते उघडून विनामूल्य पाहता येते. पैसे पडतात ते दाखल्याचे. शोधताना मुलगा की मुलगी हे निवडावे लागते आणि वर्ष पुढेमागे दोनच वर्षे सरकवता येते, म्हणून हाताशी अंदाजे साल असावे. सूचीत गावाचे नाव नसते, नोंदणी जिल्ह्याचे असते. आणि वर्षाची जी तिमाही दिसते ती नोंदणीची असते, जन्माची नव्हे. मार्चअखेर जन्मलेले मूल जूनच्या तिमाहीत सापडू शकते. शिवाय १८७५ पूर्वी नोंद करवून घेण्याची सक्ती आईबापांवर पुरेशी नव्हती, त्यामुळे त्याआधीचे एखादे मूल सूचीत नसेल तर चर्चच्या बाप्तिस्मा वहीकडे वळावे.

मला या सूचीतली सर्वांत मोलाची गोष्ट वाटली ती आईचे माहेरचे आडनाव. खाणवस्तीत एकाच नावाची चार-चार माणसे असतात, आणि बापाच्या नावावरून कोण कोणाचा हे ठरत नाही. मी हाताळलेल्या जुन्या नोंदींत आईच्या माहेराचा धागा जवळपास कधीच मिळाला नाही. येथे मात्र त्या एका आडनावावर सुनेच्या खापरपणजोबांची नऊही मुले एकापाठोपाठ एक उभी राहिली. १९११ च्या जनगणनेत प्रत्येक विवाहित स्त्रीची किती मुले जन्मली, किती हयात आहेत आणि किती वारली, हे विचारले होते. त्यांच्या घरच्या फॉर्मवर नऊ, सहा आणि तीन हे आकडे आहेत. ती तीन नावे मी मृत्यूच्या सूचीत शोधली. दोघांपुढे वय शून्य लिहिले होते, म्हणजे वर्षही पुरे झाले नव्हते. तिसरे मूल दोन वर्षांचे होते. सुनेला हे कळवण्याआधी मी एक दिवस थांबले.

जनगणनेची पाने वेगळ्या, सशुल्क संकेतस्थळांवर पाहावी लागतात. मी वापरलेल्या अशाच एका संकेतस्थळाने सदस्यत्व मला न विचारता पुढच्या वर्षासाठी वाढवले, आणि तेथे इतर सदस्यांनी मांडलेल्या वंशवृक्षांत सुनेच्या खापरपणजोबांना शेजारच्या परगण्यातल्या समान नावाच्या माणसाचे आईबाप चिकटवलेले होते. तीन वृक्षांत तीच चूक होती, कारण एकाची नक्कल दुसऱ्याने केली होती. मूळ पानाची प्रतिमा पाहिल्याशिवाय कोणताही वृक्ष स्वीकारू नये.

ती प्रतिमा मात्र दिलेले पैसे वसूल करून देते. १८८१ मध्ये हे खापरपणजोबा बारा वर्षांचे होते आणि त्यांच्या नावापुढे खाणीतले घोडे हाकणारा असा व्यवसाय आहे. १८९१ मध्ये ते कोळशाचे डबे ढकलणारे आहेत, १९०१ मध्ये प्रत्यक्ष कोळसा फोडणारे. दहा वर्षांखालील मुलांना आणि सर्व स्त्रियांना जमिनीखाली कामास मनाई करणारा कायदा १८४२ मध्ये झाला होता. तरीही बारा वर्षांचा मुलगा काळोखात घोड्याबरोबर चालत होता. त्यांच्या भावंडांची जन्मगावे हेटन, मर्टन, सीहॅम अशी बदलत जातात. प्रथम मला ही लिहिणाऱ्याची चूक वाटली. पुढे वाचनात आले की डरहॅमच्या खाणींत कामगाराला मालकाशी वर्षभराचा करार करावा लागे, करार करताना थोडी रक्कम हातावर पडे, आणि तो मोडला तर तुरुंगाची भीती असे. वर्ष संपले की कुटुंब बिऱ्हाड उचलून दुसऱ्या खाणीकडे जाई. ही पद्धत १८७२ मध्ये संपली, पण फिरणे चालूच राहिले. आमच्या कारखान्यांवर मुकादमाकडून उचल घेऊन येणारी ऊसतोड टोळी आणि तिच्या कोप्यांत जन्मलेली लेकरे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना ही जन्मगावांची यादी वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

खाणीत मरण पावलेल्यांसाठी डरहॅम मायनिंग म्युझियमचे संकेतस्थळ अवश्य पाहावे. स्वयंसेवकांनी चालवलेल्या या ठिकाणी खाणवार मृतांची नावे, वय, काम आणि अपघाताचे कारण विनामूल्य वाचता येते. १६ जानेवारी १८६२ रोजी हार्टली खाणीत पंपाची तुळई तुटून खाणीत उतरण्याच्या एकमेव उभ्या विहिरीत कोसळली आणि २०४ जण मेले. त्यानंतर प्रत्येक खाणीला दोन वाटा असण्याचा कायदा झाला. अशा मोठ्या दुर्घटना सर्वांना माहीत असतात, पण छताचा दगड पडून एकेकटे मेलेले लोक एकूण अधिक होते. सुनेच्या खापरपणजोबांचा धाकटा भाऊ मला असाच, एका ओळीत सापडला.

दाखल्यांबद्दल थोडे. जुन्या जन्म-मृत्यूंची पीडीएफ प्रत कागदी दाखल्यापेक्षा स्वस्त पडते आणि ईमेलवर येते. ती कायदेशीर पुरावा म्हणून चालत नाही, वंशावळीसाठी पुरेशी आहे. विवाहाचा दाखला कागदीच घ्यावा लागतो, आणि त्या कार्यालयाच्या ऑनलाइन शोधात विवाह नसल्यामुळे मागणीसाठी नोंदीचा खंड व पान क्रमांक फ्री बीएमडी या स्वयंसेवकांच्या मोफत सूचीतून घ्यावा. १९३१ ची जनगणना १९४२ च्या आगीत जळाली आणि १९४१ मध्ये युद्धामुळे ती झालीच नाही. त्या काळासाठी युद्ध सुरू होताच सप्टेंबर १९३९ मध्ये केलेली लोकांची नोंदवही पाहावी.

लहानपणी तासगावकडच्या आमच्या गावी हेळवी येत, दारात उभे राहून घराण्याची नावे म्हणत आणि नवे मूल चोपडीत लिहून घेत. तेवढा आवाज कोणत्याही सूचीला नाही. पण मागवलेला शेवटचा दाखला, खापरपणजोबांच्या आईवडिलांच्या विवाहाचा, टपालाने सांगलीत आला तेव्हा मी तो टेबलावर ठेवून बराच वेळ पाहिला. सहीच्या जागी दोघांच्याही नावापुढे फुली आहे, जशी आपल्या जुन्या कागदांत कुणब्याच्या नावापुढे नांगराची निशाणी असते. शेजारी मी १९११ चा फॉर्म ठेवला. तो त्यांच्या मुलाने स्वतःच्या अक्षरात भरलेला आहे.