अयुथया एका दिवसात: टूरची बोट की साधी रेल्वे?

दिवाळीच्या सुट्टीत बँकॉकला निघालेल्या आमच्या कॉलेज रोडवरच्या दोन कुटुंबांनी एकाच आठवड्यात मला एकच प्रश्न विचारला: अयुथयाची बसने जाऊन बोटीने परतायची टूर घ्यावी, की आपलं आपण रेल्वेने जावं? मी दोन्ही केलं आहे. पहिल्यांदा आई-बाबांना घेऊन टूरने गेले, नंतर धाकट्या बहिणीबरोबर रेल्वेने.

ठिकाण नाशिककरांनी बघावं असंच आहे. हे शहर 1350च्या सुमारास वसलं, नाव अयोध्येवरून घेतलं आणि ते वसवणाऱ्या राजाने रामाथिबोदी हे नाव धारण केलं. पंचवटीत लहानाची मोठी झालेल्या माझ्या आईला एवढं ऐकूनच भरून आलं होतं. चारशे वर्षांहून अधिक काळ ही सयामची, म्हणजे आजच्या थायलंडची, राजधानी होती. 1767 मध्ये ब्रह्मी सैन्याने ती लुटली, जाळली. आज दिसतात ते तिथल्या बौद्ध मंदिरांचे अवशेष. बँकॉकपासून अंतर ऐंशी किलोमीटरच्या आसपास, म्हणजे नाशिकहून शिर्डी आहे तेवढंच.

टूरचा दिवस

सकाळी साडेसहा-सातला बस. आधी बांग पा-इन हा राजवाडा, मग अयुथयातली दोन-तीन मंदिरं, दुपारी बोटीवर जेवण आणि चारच्या सुमाराला बँकॉक. एसी बस, सोबत इंग्रजी बोलणारा गाइड, तिकिटांच्या रांगेत उभं राहायला नको. बाबांच्या गुडघ्यांचं ऑपरेशन होऊन तेव्हा वर्ष झालं होतं. त्यांना हा दिवस झेपला तो बसमुळेच.

पण बुकिंग करण्याआधी एक गोष्ट विचारून घ्या: बोट नेमकी कुठून सुटते? बहुतेक टूरमध्ये ती अयुथयाहून सुटत नाही. मंदिरं बघून झाली की बस परत बँकॉकच्या दिशेने निघते आणि वाटेतल्या एखाद्या धक्क्यावर तुम्हाला बोटीत बसवते. नदीतून मंदिरं बघायला मिळतील या आशेने आई खिडकीजवळची खुर्ची धरून बसली होती. ती मंदिरं मागेच राहिली होती.

तरी बोट आवडलीच. चाओ फ्राया नदी रुंद आणि मातकट आहे. काठावर देवळांचे घाट, खांबांवर उभी घरं, आणि एका छोट्या टगबोटीमागे बांधलेले मालाचे अवजड पडाव. पाण्यावर जलपर्णीचे पुंजके वाहत येतात. ते बघून बाबा म्हणाले, "ही तर आपल्या गोदावरीसारखीच छळतेय यांना." याच नदीतून अयुथयाच्या पडक्या भिंतींच्या विटा बोटींनी खाली नेल्या आणि 1782 नंतर नव्या राजधानीच्या, म्हणजे बँकॉकच्या, बांधकामात वापरल्या. परतीच्या बोटीत हे डोक्यात असेल, तर तो प्रवास नुसत्या जेवणाचा राहत नाही.

माझी खरी तक्रार वेळेची आहे. वाट महाथात या मंदिरात आम्हाला मोजून पंचवीस मिनिटं मिळाली. वड-पिंपळाच्या जातीच्या एका झाडाच्या मुळांनी बुद्धाचं दगडी मस्तक कवेत घेतलं आहे, ते इथेच. ते जमिनीलगत असल्याने फोटो काढताना आपलं डोकं त्याच्या वर जाऊ नये म्हणून खाली बसावं लागतं. कोणी उभं राहिलं की तिथला रखवालदार लगेच हटकतो. आई गुडघे टेकून बसली, हात जोडले, आणि तेवढ्यात गाइडचं निशाण हलायला लागलं. राजवाड्यात मात्र आम्ही सव्वा तास होतो! तळ्यातला सोनेरी मंडप देखणा आहे, पण अवशेष बघायला निघालेल्या माणसाचा एवढा वेळ तिथे जाऊ नये.

रेल्वेचा दिवस

साध्या गाडीचं तिसऱ्या वर्गाचं तिकीट वीस बाटच्या आसपास, म्हणजे आपले पन्नास-साठ रुपये. लाकडी किंवा साधी बाकं, उघड्या खिडक्या, दीड ते दोन तास. बऱ्याच लांब पल्ल्याच्या गाड्या आता बँकॉकच्या नव्या मोठ्या स्टेशनवरून सुटतात, साध्या गाड्या अजून जुन्या हुआ लाम्फोंगवरूनही सुटतात, तेव्हा स्टेशनची खात्री आदल्या दिवशीच करा. अयुथया स्टेशनसमोरच पा साक नदी लागते. चाओ फ्राया, लोपबुरी आणि पा साक या तीन नद्यांच्या वेढ्यात जुनं शहर एखाद्या बेटासारखं आहे. छोट्या होडीने पलीकडे गेलं की टुकटुकवाले भेटतात. मंदिरांची यादी दाखवून, तास ठरवून, एकूण रक्कम आधीच पक्की करा.

यात मिळतो तो निवांतपणा. वाट फ्रा सी सानफेतच्या तीन मोठ्या चेदींसमोर, म्हणजे स्तूपांसमोर, आम्ही दोघी पाऊण तास बसलो होतो. हे अयुथयाच्या जुन्या राजवाड्याच्या आवारातलं मंदिर होतं आणि त्या चेदींमध्ये राजांच्या अस्थी ठेवल्या होत्या. जवळ गेलं की दिसतं, वरचा गिलावा पापुद्र्यासारखा सुटलाय आणि आतली पातळ लाल वीट उघडी पडलीय. काही विटा बोट लावताच भुगा होतील अशा. (बोट लावू नका, चढू तर नकाच.) तिथे मला आपली पांडवलेणी आठवली. अठराव्या लेण्यातल्या चैत्यातला स्तूप अख्ख्या डोंगरातून कोरून काढलेला, दोन हजार वर्षांनी तसाच उभा. इथे वीट आणि चुना, सातशे वर्षंसुद्धा झाली नाहीत आणि आगीने, लुटीने, पुराने ही अवस्था केली. जायच्या आधीच्या रविवारी मुलांना घेऊन पांडवलेणी चढून या. स्तूप म्हणजे काय हे तिथे कळलं की चेदी समजावून सांगावा लागत नाही.

आणि बोट? ती इथे जास्त चांगली मिळते. संध्याकाळी लांब शेपटाच्या इंजिनाची होडी भाड्याने घेऊन बेटाला फेरी मारता येते. वाट फनान चेंगमधली एकोणीस मीटर उंच बैठी बुद्धमूर्ती 1324 सालची, शहराच्याही आधीची. ती आजही पूजेत आहे. शेवटी वाट चायवत्थनाराम येतं. राजा प्रासात थोंगने 1630 मध्ये ते बांधायला घेतलं. नदीच्या पश्चिम काठावर असल्याने होडीतून बघताना सूर्य त्या शिखरांच्या मागे उतरतो. आई ज्यासाठी खिडकीशी बसली होती ते हेच, आणि तेव्हा ती सोबत नव्हती याचं मला अजून वाईट वाटतं.

अडचणी आहेत. ऊन फार आहे, एप्रिल-मे तर टाळाच. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पुराचं बघून निघा. गाड्या उशिरा धावतात. गाइड नसेल तर पडक्या भिंती पडक्या भिंतीच राहतात, म्हणून थोडं वाचून जा, किंवा तिथे पोचल्यावर स्थानिक गाइड घ्या.

जेवण

शाकाहारी मंडळींनी टूरवाल्यांना बुकिंग करतानाच सांगावं. भाजीतही माशाचा सॉस असतो. बाहेर खाताना "जे" हा शब्द लक्षात ठेवा. पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरात तो लिहिलेला असतो. तिथे मांस-मासे नसतात, कांदा-लसूणही नसतो. आम्ही तरी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती आणि दोन्ही वेळा ती संपली.

कोणी काय घ्यावं

सोबत साठीच्या पुढचे आई-वडील किंवा अगदी लहान मूल असेल आणि हातात एकच दिवस असेल, तर टूर घ्या. फक्त राजवाडा नसलेली किंवा मंदिरांना जास्त वेळ देणारी निवडा. चालता येत असेल तर रेल्वेच, आणि होडी अयुथयातच. चार-पाच जण असाल तर तिसरा मार्ग सगळ्यात चांगला: हॉटेलवरून दिवसभरासाठी गाडी ठरवा, सकाळी अकराऐवजी दुपारी एकला निघा आणि परतीची वेळ रात्री आठची सांगा. उन्हाचे दोन तास वाचतात आणि संध्याकाळची होडी मिळते. येत्या जानेवारीत आई-बाबांना मी असंच नेणार आहे. खांदे-गुडघे झाकणारे कपडे आणि पटकन काढता येतील अशा चपला आईने आत्ताच बाजूला काढून ठेवल्यात.