जुना सीआरटी ऑसिलोस्कोप, आठ महिन्यांनंतर: सगळा जीव फोकसमध्ये

दोन चॅनेलचा, २० मेगाहर्ट्‌झचा ॲनालॉग स्कोप, म्हणजे बदलता व्होल्टेज लहरीच्या रूपात दाखवणारं यंत्र. त्याचा पडदा सीआरटीचा, म्हणजे काचेच्या नळीत इलेक्ट्रॉनचा झोत आदळून उजळणारा. मोजमापाबद्दल तक्रार नाही. लिहायचंय ते फोकसबद्दल, कारण पहिला महिनाभर मी तो नॉब उगाचच पिळत होतो.

आडवी रेघ बारीक व्हायची, पण साइन लहरीचे चढउतार फिसकटलेलेच. शेवटी एक्स-वाय मोडवर, जिथे झोत आपोआप आडवा सरकत नाही, नुसता ठिपका उभा केला (ब्राइटनेस अगदी कमी ठेवून, नाहीतर पडद्यावरचा चमकणारा लेप, फॉस्फर, जळतो). ठिपका गोल नव्हताच, लंबगोल होता! म्हणजे दोष ॲस्टिगमॅटिझमचा, झोत आडवा आणि उभा एकाच वेळी बारीक न होण्याचा. त्याचा प्रीसेट, म्हणजे एकदाच जुळवून ठेवायचा छोटा नॉब, माझ्या स्कोपमध्ये आत दडलेला. तो आणि फोकस आळीपाळीने फिरवले, तेव्हा कुठे ठिपका सगळीकडून आवळला.

झोत एका ठिपक्यावर आणणारं भिंग काचेचं नाही. नळीच्या मानेत एकामागे एक धातूची नळकांडी असतात आणि प्रत्येकावर वेगळा व्होल्टेज. दोन नळकांड्यांमधल्या फटीत विद्युतक्षेत्र फुगतं. कडेने चाललेल्या इलेक्ट्रॉनला ते आधी मध्याकडे लोटतं, पुढे थोडं बाहेर. पण तोवर वेग वाढलेला असतो, बाहेर लोटायला वेळच कमी मिळतो. जमाखर्चात झोत आतच वळतो. फोकसचा नॉब फिरवणं म्हणजे या भिंगाची ताकद बदलणं. चुंबकीय कॉइलनेही हे जमतं. तिचं गणित हान्स बुश यांनी १९२६ मध्ये मांडलं. स्कोपमध्ये मात्र सहसा विद्युतक्षेत्रच.

ब्राइटनेस वाढवला की ठिपका सुजतो, ही दुसरी खोड. किती इलेक्ट्रॉन सोडायचे ते ठरवणाऱ्या ग्रिडमधून जास्त इलेक्ट्रॉन सुटतात, झोत रुंद होतो, त्यात ते एकमेकांना दूरही ढकलतात. म्हणून आधी ब्राइटनेस, मग फोकस. तेही स्कोप वीसेक मिनिटं तापल्यावर.

पाचव्या महिन्यात नॉब टोकाला टेकला तरी रेघ धूसरच. फोकसचा व्होल्टेज ठरवणाऱ्या साखळीतल्या एका मेगाओमवाल्या रेझिस्टरचा रोध वाढला होता. तो जाणत्या मित्राकडून बदलून घेतला. आत दोनेक हजार व्होल्ट खेळतात आणि बंद केल्यावरही कपॅसिटर भरलेले राहतात, तिथे हौस नको.

उजव्या कडेला रेघ अजून किंचित जाडच आहे. तिथलं काही मोजायचं झालं, तर लहर सरकवून मधोमध आणतो.