घरच्या ट्रूनॅसवर जुना डेटा नेताना: काही महिन्यांच्या वापरानंतर

ऑफिसातून निघालेला जुना डेस्कटॉप, ८ जीबी रॅम, ४ टीबीच्या दोन नव्या हार्डडिस्क मिररमध्ये (दोन्हींवर तोच डेटा), सिस्टिमसाठी वेगळी छोटी एसएसडी आणि त्यावर ट्रूनॅस स्केल, म्हणजे कॉम्प्युटरला फाइल सर्व्हर बनवणारी सिस्टिम. पावसाळ्याआधी उभा केलेला हा सर्व्हर दिवाळी उलटून गेली तरी चालू आहे. तो बसवायचा कसा हे सांगणारे व्हिडिओ ढीगभर सापडतात. घरातल्या जुन्या एक्स्टर्नल डिस्कवरचा डेटा त्यावर सुखरूप न्यायचा कसा, हे मात्र बहुतेक जण दोन वाक्यांत उरकतात. खरी मेहनत तिथेच आहे.

झेडएफएसचा (ट्रूनॅसची फाइली साठवण्याची पद्धत) पूल, म्हणजे डिस्कचा एकत्रित साठा, बनवताना डिस्कवरचं सगळं पुसलं जातं, त्यामुळे जुनी डिस्क पुलात घालून डेटा जागेवर राहील ही आशा सोडा. एक जुगाड हमखास सुचवला जातो: एकाच नव्या डिस्कचा पूल करा, डेटा उतरवा, मग जुनी पुसून मिररला जोडा. होतं तसं. पण जुनी पुसल्यापासून मिरर पूर्ण होईपर्यंत सगळा संसार एकाच नव्याकोऱ्या डिस्कच्या भरवशावर! मी दोन्ही डिस्क विकतच घेतल्या. त्याही सीएमआर, कारण डेटाचे पट्टे एकमेकांवर चढवून लिहिणाऱ्या एसएमआर डिस्कवर मिरर पुन्हा भरायला घेतला की तो रखडतो. डेटा टाकण्याआधी दोन्हींची स्मार्टची (डिस्कमधल्याच स्व-तपासणीची) लांब चाचणी रात्रभर चालवली.

जुन्या डिस्क एनटीएफएसच्या, म्हणजे विंडोजच्या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या. त्या सर्व्हरलाच यूएसबीवर लावून रीड-ओन्ली (फक्त वाचण्यापुरत्या) माउंट केल्या, म्हणजे चुकून काही खोडण्याची सोयच नाही. कॉपी आरसिंक या कॉपी करणाऱ्या आज्ञेने, आणि तीही सर्व्हरवरच चालू राहणाऱ्या टीमक्समध्ये, म्हणजे लॅपटॉप झाकला तरी काम थांबत नाही. आधी ड्राय-रन (प्रत्यक्ष कॉपी न करता रंगीत तालीम) करून काय कुठे जाणार ते पाहून घ्या. स्रोताच्या पत्त्याशेवटी तिरपी रेघ असेल तर फोल्डरमधला माल जातो, नसेल तर फोल्डरच जातो; एवढ्याशा फरकाने मांडणी बदलते. मोठे व्हिडिओ सरसर जातात, फोटोंच्या हजारो बारक्या फाइली जीव काढतात. कट-पेस्ट तर अजिबात नको.

खरी गंमत मराठी नावांची झाली. बाबांनी कॅसेटवरून उतरवलेल्या कीर्तनांना ते अशी नावं देतात: ‘गोंदवले रामनवमी उत्सव दिवस तिसरा रात्रीचं कीर्तन पूर्वरंग आणि उत्तररंग संत चोखामेळा आख्यान भाग पहिला’. विंडोजवर हे सुखाने नांदत होतं, कारण एनटीएफएस २५५ अक्षरखुणा मोजतं. झेडएफएस सहसा २५५ बाइट मोजतं, आणि देवनागरीत प्रत्येक खूण, काना-मात्रासुद्धा, ३ बाइट खाते. म्हणजे ८५ खुणांत खेळ खलास. आरसिंक अशा फाइली सोडून पुढे जातं आणि शेवटी २३ हा कोड देऊन काही राहिल्याचं सांगतं. तो न वाचणारा माणूस ‘झालं एकदाचं’ म्हणून जुनी डिस्क फॉरमॅट करेल. नावं आखूड करायची म्हटल्यावर बाबा जरा नाराज झाले, पण मूळ लांब नावांची यादी टेक्स्ट फाइलमध्ये शेजारीच ठेवली आणि प्रश्न मिटला.

कॉपीनंतर तीच आज्ञा पुन्हा चालवायची, यावेळी ड्राय-रनला चेकसमचा (फाइलीतल्या मजकुरावरून काढलेल्या पडताळणीच्या आकड्याचा) पर्याय जोडून. एरवी आरसिंक फक्त आकार आणि वेळ बघतं. चेकसमला फाइलीतला मजकूर दोन्हीकडे वाचावा लागतो, म्हणून वेळ लागतो. यादीत एकही फाइल आली नाही, की समजायचं काम झालं.

नंतरच्या महिन्यांत एकदाच धास्ती बसली. महिन्याच्या स्क्रबमध्ये (पुलातला सगळा डेटा वाचून तपासण्याच्या फेरीत) एका डिस्कवर चेकसमच्या चुका दिसल्या. झेडएफएसने दुसऱ्या डिस्कवरून त्या दुरुस्त केल्या होत्या, पण डिस्क आता मरणार म्हणून मी मनाची तयारी केली. दोषी निघाली डिस्कला जोडणारी साटा केबल! ती बदलून पुन्हा स्क्रब केलं, मग सगळं स्वच्छ. पावसात लाइट जाण्याचा त्रास होताच, म्हणून यूपीएस यूएसबीने जोडला. बॅटरी उतरायला लागली की सर्व्हर स्वतःहून बंद होतो.

स्नॅपशॉट, म्हणजे डेटाच्या त्या क्षणीच्या स्थितीची नोंद, रोज घेतले जातात. भाच्याने एक अख्खा फोल्डर उडवला, तो विंडोजच्या ‘प्रीव्हियस व्हर्जन्स’मधून परत आला. तरी मिरर आणि स्नॅपशॉट हा बॅकअप नव्हे. चोरी झाली किंवा पाणी शिरलं तर सगळं एकदम जाईल. म्हणून जुन्या डिस्क पुसल्याच नाहीत, त्या भावाच्या घरी आहेत आणि तो आला की नवी भर घालून परत पाठवतो.

नुसते फोनमधले फोटोच ठेवायचे असतील तर एवढा खटाटोप करू नका. दोन एक्स्टर्नल डिस्क आळीपाळीने वापरा, स्वस्तात पडेल.