इटिंग डिसऑर्डर: सीबीटी घ्यावी, कुटुंबाला सोबत घेऊन थेरपी करावी की आणखी काही?

खाण्याचा हा त्रास म्हणजे आजार आहे आणि त्यावर उपचार घ्यायचे, इथवर यायलाच अनेकांची वर्षं जातात. तिथे पोचल्यावर समोर नावांची गर्दी उभी राहते. सीबीटी, एफबीटी, मँट्रा, आयपीटी, आहारतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ, डे केअर, भरती. पहिला फोन कोणाला करायचा हेच कळत नाही आणि तो फोन पुढच्या महिन्यावर जातो. हा आढावा त्या फोनच्या आधी वाचण्यासाठी आहे. स्वतः त्रासात असलेल्या मोठ्या माणसासाठी, तसाच मुलीच्या किंवा मुलाच्या काळजीने झोप उडालेल्या आईवडिलांसाठीही.

माझं मत सुरुवातीलाच सांगून ठेवणं बरं. थेरपीचं नाव काहीही असो, पहिल्या दोन-तीन आठवड्यांत प्रत्यक्ष खाण्याला हात घातला जात नसेल, तर तो उपचार या आजाराला पुरा पडत नाही. बालपण, नाती, आत्मविश्वास यांवर बोलणं गरजेचं असतंच, पण उपाशी मेंदूला ते पेलत नाही. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवून बघितलं होतं. शरीराने आणि मनाने ठणठणीत म्हणून निवडलेले हे तरुण. उपासमार वाढत गेली तशी त्यांच्या डोक्यात खाण्याशिवाय दुसरं काही उरेना. काही जण पाककृतींची पुस्तकं वाचत बसू लागले, ताटातलं चिवडत जेवण लांबवू लागले. चिडचिड वाढली, उदासी आली, माणसं नकोशी झाली. पुन्हा पोटभर खायला मिळाल्यावर काहींना कितीतरी दिवस खाणं आवरेना. घरातले ज्याला हट्ट किंवा स्वभाव म्हणतात, त्यातलं बरंचसं निव्वळ उपासमारीचं असतं, हे या प्रयोगातून फार स्पष्ट दिसतं.

आधी आजार कोणता ते बघा

अ‍ॅनोरेक्सियात खाणं तोडलं जातं आणि वजन वाढण्याची भीती सगळ्यावर स्वार होते. १८७३ च्या सुमारास लंडनमध्ये विल्यम गल आणि पॅरिसमध्ये शार्ल लासेग या डॉक्टरांनी त्याची वर्णनं लिहिली, म्हणजे हे फोटो आणि मोबाइलच्या काळातलं खूळ नव्हे. बुलिमियात आवर सुटून खाणं होतं आणि मग ते भरून काढण्यासाठी उलटी, जुलाबाची औषधं, उपास किंवा अति व्यायाम. जेरल्ड रसेल यांनी १९७९ मध्ये त्याला स्वतंत्र आजार म्हणून मांडलं. बिंज इटिंगमध्ये आवर सुटतो, पण भरून काढण्याचा तो प्रकार नियमितपणे होत नाही. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या आजारांच्या यादीत २०१३ पासून तेही स्वतंत्र निदान आहे.

त्याच वर्षी यादीत आलेला चौथा प्रकार आरफिड, आणि तो वेगळा ओळखणं फार महत्त्वाचं आहे. यात जाड होण्याची भीती नसते. एखाद्या पदार्थाचा स्पर्श सहन होत नाही, घास अडकेल याची धास्ती असते किंवा खाण्यात मुळी रसच नसतो. अशा मुलाला शरीराच्या प्रतिमेवर काम करणाऱ्या थेरपीत बसवलं, तर महिने वाया जातात.

वजन बघून यातलं काहीच ठरवता येत नाही. आधी जास्त वजन असलेल्या व्यक्तीने भराभर वजन उतरवलं, तर ती दिसायला 'नॉर्मल' असते, लोक कौतुक करतात, आणि आत हृदय मंदावलेलं असतं. ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट सांगतात की उपचार द्यायचे की नाही हे फक्त बीएमआयवर (उंचीच्या मानाने वजनाच्या आकड्यावर) ठरवू नये. 'मी अजून तेवढी आजारी नाही' हे वाक्य या आजारातलं सगळ्यात घातक वाक्य आहे. ते मुलग्यांच्या आणि पुरुषांच्या तोंडी तर जास्तच असतं, कारण त्यांना हा आजार होतो हेच आजूबाजूच्यांना माहीत नसतं.

सीबीटी आणि कुटुंबाधारित थेरपी

खरी तुलना या दोघींत होते, म्हणून इथे जरा थांबू.

सीबीटी म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयी बदलण्यावर काम करणारी थेरपी. इटिंग डिसऑर्डरसाठी खास बांधलेली सीबीटी ऑक्सफर्डमध्ये क्रिस्टोफर फेअरबर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केली. वजन फार घटलेलं नसेल तर साधारण २० आठवड्यांत २० सेशन, घटलेलं असेल तर ४० च्या आसपास. काम कसं चालतं हे कळायला तिची नोंदवही बघावी. पानावर रकाने आखलेले असतात: वेळ, काय खाल्लं-प्यायलं, कुठे बसून, जास्त झालं असं वाटलं तर एक चांदणी, उलटी किंवा जुलाबाचं औषध झालं असेल तर त्याची खूण, आणि शेवटच्या रुंद रकान्यात त्या वेळी मनात आणि आजूबाजूला काय चाललं होतं ते. कॅलरी लिहायच्या नसतात. रात्री आठवून भरायचं नसतं, खाल्लं की लगेच लिहायचं असतं. दोन आठवड्यांची पानं शेजारी ठेवली की दिसतं की रात्री आवर सुटण्याची सुरुवात सकाळी उपाशी राहण्यात झाली होती. मग पहिलं काम ठरतं: तीन जेवणं, मध्ये दोन-तीन वेळा थोडं खाणं, आणि दोन खाण्यांमध्ये चार तासांहून जास्त अंतर नाही. वजन आठवड्यातून एकदा, थेरपिस्टसोबत. एरवी वजनकाट्यापासून लांब.

इथे सगळा भार आजारी व्यक्तीवर असतो. नोंद तिने करायची, बदल तिने करून बघायचा. मनाची थोडी तरी तयारी असलेल्या प्रौढाला हे जमतं आणि ते आपलं वाटतं. बुलिमिया आणि बिंज इटिंगमध्ये सीबीटीची बाजू सगळ्यात भक्कम आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वजन फार न घटलेल्या १३० रुग्णांपैकी काहींना ही थेरपी दिली, काहींना नात्यांवर काम करणारी आयपीटी. उपचार संपताना सीबीटीच्या गटात सुमारे दोन तृतीयांश जण लक्षणांतून बाहेर आले होते, दुसऱ्या गटात एक तृतीयांश. पुढच्या वर्षभरात आयपीटीवाले बरेच पुढे सरकले, पण मागेच राहिले.

कुटुंबाधारित थेरपीची, म्हणजेच एफबीटीची, पाळंमुळं लंडनच्या मॉड्स्ली हॉस्पिटलात आहेत. तिची दिशा बरोबर उलटी. अ‍ॅनोरेक्सिया झालेल्या चौदा वर्षांच्या मुलीकडून बरं होण्याची इच्छा दाखवण्याची वाट बघत नाहीत, खाण्याची सूत्रं काही काळासाठी आईवडिलांच्या हाती देतात. साधारण सहा महिने ते वर्षभर चालते. वजन सावरलं की खाण्याचे निर्णय हळूहळू मुलीकडे परत जातात आणि शेवटी वयात येण्याच्या नेहमीच्या प्रश्नांकडे वळलं जातं.

तिचं दुसरं सेशन ऐकूनच अनेक पालक घाबरतात. आईवडिलांनी घरून जेवण घेऊन यायचं आणि थेरपिस्टसमोर सगळ्यांनी जेवायचं. मुलगी ठरवून आलेली असते तेवढंच खाते, ताट सरकवते, रडते, कधी ओरडते. थेरपिस्ट आईवडिलांना तिच्या दोन्ही बाजूंना बसायला सांगतो आणि एकच गोष्ट करायला लावतो: तिने ठरवलं होतं त्याहून एक घास जास्त. रागवायचं नाही, वाद घालायचा नाही, शांतपणे तेच तेच वाक्य बोलत राहायचं. तो घास गेला की आपल्याला हे जमू शकतं, हे आईवडिलांना पहिल्यांदा कळतं. हा सगळा काळ मुलगी वेगळी आणि आजार वेगळा असं धरून चालायचं असतं. राग आजारावर, मुलीवर नाही. आणि दोष कोणाचाच नाही. आईवडिलांमुळे हा आजार होतो ही जुनी समजूत या थेरपीने मुळातच बाजूला ठेवली, याचं मोल घरातल्या अपराधी भावनेत होरपळलेल्या आईला विचारावं.

पुरावा? २०१० च्या एका अभ्यासात अ‍ॅनोरेक्सिया असलेली १२१ मुलं होती. उपचार संपल्यावर एक वर्षाने पूर्ण बरे झालेल्यांचं प्रमाण कुटुंबाधारित थेरपीत ४९ टक्के होतं आणि मुलांशी एकट्याने केलेल्या थेरपीत २३ टक्के. त्यामुळे वय अठराच्या आत, आजार अ‍ॅनोरेक्सिया आणि सुरू होऊन तीन वर्षं व्हायची आहेत, अशा वेळी मी सीबीटीच्या आधी याच थेरपीचं नाव घेईन. ४९ टक्के म्हणजे निम्म्यांना आणखी काही लागलं, हेही त्यातच आलं. तेव्हा किशोरवयीनांसाठीही सीबीटी हा पुढचा चांगला पर्याय आहे.

ही थेरपी घराकडून फार मागते. सुरुवातीचे काही आठवडे प्रत्येक खाण्याला कोणीतरी मोठं माणूस शेजारी लागतं. नोकरी, दुसरं मूल, म्हातारे आईवडील सांभाळून हे करताना माणूस पिळून निघतो. घरात सतत टोमणे आणि टीका चालत असेल, तर आईवडिलांना वेगळं आणि मुलाला वेगळं भेटण्याची पद्धत वापरता येते. घरात मारहाण किंवा छळ असेल, तर मात्र हा मार्ग नको.

बाकीचे पर्याय

प्रौढांच्या अ‍ॅनोरेक्सियात कोणतीच एक थेरपी बाकीच्यांहून ठळकपणे सरस ठरलेली नाही. नाइसच्या सूचनांत सीबीटीबरोबर मँट्रा आणि एसएससीएम या आणखी दोन थेरपींना सारखंच स्थान आहे. मँट्रा आजार माणसाच्या आयुष्यात काय काम करतोय, विचार कुठे ताठर झालेत, यावर भर देते. एसएससीएममध्ये वजन आणि खाण्याचं काम चालू ठेवून बाकीचे विषय रुग्ण निवडतो. नोंदवह्या आणि गृहपाठ नकोसे वाटणाऱ्याला ती सोसते. इथे जवळपास जो चांगला प्रशिक्षित माणूस मिळेल त्याच्याकडे जावं, नावासाठी अडून बसू नये. भावनांचा कडेलोट होऊन स्वतःला इजा करण्यापर्यंत गोष्ट जात असेल, तर डीबीटीबद्दल, म्हणजे तीव्र भावना सांभाळायला शिकवणाऱ्या थेरपीबद्दल, विचारावं.

बुलिमिया किंवा बिंज इटिंग असलेल्या प्रौढांसाठी एक सोपी पहिली पायरी आहे: सीबीटीवर आधारलेलं स्वमदत पुस्तक आणि सोबत मोजकी छोटी मार्गदर्शन सेशन. खर्च आणि प्रतीक्षा दोन्ही कमी. पण चार आठवड्यांत काहीच हललं नाही तर पूर्ण थेरपीकडे वळावं. अ‍ॅनोरेक्सियात एकट्याने पुस्तक घेऊन बसणं पुरत नाही.

आहारतज्ज्ञाची मदत मोलाची आहे, मात्र थेरपीच्या जोडीने. वजन उतरवण्याचे तक्ते देणाऱ्या आणि हा आजार माहीत नसलेल्या आहारतज्ज्ञाकडे जाणं धोक्याचं, कारण तो तक्ता आजाराच्या हातात आयतं हत्यार देतो. औषधांचंही तसंच. बुलिमियात फ्लुओक्सेटिनचा उपयोग होतो, बिंज इटिंगसाठी अमेरिकेत २०१५ मध्ये लिस्डेक्सअ‍ॅम्फेटामिनला मंजुरी मिळाली. अ‍ॅनोरेक्सियाचा गाभा बरा करणारं औषध नाही. नुसत्या गोळ्यांवर यातला कोणताच आजार सोडू नये.

घरी राहून की भरती होऊन

बहुतेकांचे उपचार घरी राहून, आठवड्याला भेटून होतात. त्याच्या वर डे केअर: दिवसभर केंद्रात जेवणं आणि थेरपी, रात्री घरी. जर्मनीत किशोरवयीन मुलींवर झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात थोड्या दिवसांच्या भरतीनंतर डे केअरमध्ये हलवलेल्या मुली दीर्घकाळ भरती राहिलेल्यांपेक्षा मागे पडल्या नाहीत. म्हणून लांबलचक भरतीचा आग्रह कोणी धरला तर कारण विचारावं.

काही वेळा मात्र निवडीला जागाच नसते. चक्कर येऊन पडणं, नाडी फार मंद होणं, छातीत अनियमित धडधड, पाणीही नाकारणं, रक्तात पोटॅशियम घसरणं, आत्महत्येचे विचार: यातलं काहीही असेल तर थेरपिस्ट शोधण्याआधी हॉस्पिटल गाठा. अ‍ॅनोरेक्सिया हा मानसिक आजारांत सर्वाधिक मृत्यू घडवणाऱ्यांपैकी एक आहे. बरेच दिवस जवळपास उपाशी असलेल्याला घरी एकदम भरपूर खाऊ घालणंही जिवावर बेतू शकतं, कारण रक्तातलं फॉस्फेट अचानक कोसळतं. तिथे खाणं डॉक्टरांच्या देखरेखीखालीच वाढवायचं.

पहिल्या भेटीत

थेरपिस्टला थेट विचारा: इटिंग डिसऑर्डरचे किती रुग्ण पाहिलेत? कोणती पद्धत वापरता? वजनाची आणि खाण्याची नोंद कोण ठेवणार? रक्ततपासणी आणि ईसीजीसाठी कोणत्या डॉक्टरांशी संपर्कात राहणार? 'आधी मन मोकळं होऊ दे, खाणं आपोआप सुधारेल' असं उत्तर आलं, तर नम्रपणे दुसरीकडे बघा. पहिल्या महिन्यात थोडा तरी बदल दिसणं हे पुढे बरं होण्याचं चांगलं लक्षण मानलं जातं. तो दिसला नाही तर उपचार बदलण्याची बोलणी तेव्हाच करावीत, सहा महिन्यांनी नव्हे.

नंबर लागेपर्यंत नेहमीच्या डॉक्टरांकडून तपासण्या करून घ्या. उलट्या होत असतील तर लगेच दात घासू नका, फक्त पाण्याने चूळ भरा, म्हणजे दातांवरचं आवरण कमी झिजतं. खाण्याच्या वेळा आजपासून ठरवता येतात, त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. आणि मूल यायला तयारच नसेल, तर पहिली भेट आईवडिलांनी एकट्याने घ्यावी. पुढच्या जेवणाला काय बोलायचं आणि काय टाळायचं, एवढं तरी त्या तासाभरात हाती लागतं.