फिटबिट आणि मायफिटनेसपॅलची जोडणी: ‘अ‍ॅडजस्टमेंट’च्या ओळीचा हिशेब

खाण्याच्या कॅलरी नोंदवायच्या मायफिटनेसपॅल अ‍ॅपला फिटबिट हा मनगटावरचा ट्रॅकर जोडला की अ‍ॅपच्या डायरीत व्यायामाखाली एक नवी ओळ उगवते, फिटबिट कॅलरी अ‍ॅडजस्टमेंट. कधी ८७, कधी ३७९, तर कधी नुसतं शून्य. ही ओळ व्यायामाखाली टाकणं हीच या जोडणीतली सगळ्यात मोठी गफलत, कारण तो आकडा व्यायामाचा नाहीच. दिवसभरात एकूण किती कॅलरी खर्च होतील याचे अ‍ॅप आणि ट्रॅकर वेगवेगळे अंदाज बांधतात, त्या दोन अंदाजांतला तो फरक आहे. हे कुठेही ठळक सांगितलेलं नसल्यामुळे ‘तासभर चाललो, मग ८७च का?’ हा प्रश्न पडतो.

उदाहरण घेऊ. ४० वर्षांचा पुरुष, उंची १७५ सेंटिमीटर, वजन ८० किलो. मिफ्लिन–सेंट जिओर सूत्राने (वजन × १० + उंची × ६.२५ − वय × ५, मग पुरुषासाठी + ५, स्त्रीसाठी − १६१) नुसतं पडून राहिल्याचा खर्च साधारण १७०० कॅलरी येतो. हालचालीची पातळी सगळ्यात खालची निवडली, म्हणजे गुणक १.२५ धरला, तर दिवसाचा खर्च २१२५. आठवड्याला अर्धा किलो उतरवायचं म्हणून त्यातून ५०० वजा, की खाण्यासाठी १६२५ उरतात. वजनाची घट इथेच कापून झालेली असते, ट्रॅकरचा अजून कशाशीही संबंध आलेला नाही.

आता ट्रॅकर. दुपारी १२ वाजता फिटबिट सांगतो, मध्यरात्रीपासून ११५० खर्च झाले. त्यात झोपेतला खर्चही धरलेला असतो, त्यामुळे सकाळी उठल्यावरच पाचशेच्या आसपास दिसलं तर दचकायचं कारण नाही. उरलेल्या १२ तासांसाठी मायफिटनेसपॅल स्वतःचाच दर लावतं, तासाला सुमारे ८८.५ (२१२५ भागिले २४), म्हणजे १०६२. बेरीज २२१२. त्यातून आपला मूळ अंदाज २१२५ वजा केला की ८७ उरतात, आणि खाण्यासाठीच्या १६२५ मध्ये तेवढ्याच वाढतात. डायरीतल्या त्या ओळीवर टॅप केलं की हा जमाखर्च दिसतो. लेबल फसवं असलं तरी हा पडदा या जोडणीचा सगळ्यात चांगला भाग, आणि बहुतेकांनी तो कधी उघडलेलाच नसतो.

रात्री ‘कॅलरी गायब झाल्या’ ही तक्रारही याच गणितातून येते. समजा संध्याकाळी ८ ला फिटबिटवर २१५० आहेत. उरलेल्या ४ तासांचे ३५४ धरून अंदाज २५०४, अ‍ॅडजस्टमेंट +३७९. पण ते ४ तास सोफ्यावर गेले, तर प्रत्यक्ष खर्च तासाला ७१च्या आसपास (पडून राहिल्याचे १७०० भागिले २४), म्हणजे २८३. मध्यरात्री हिशेब २४३३ वर बंद होतो आणि ३७९ चे ३०८ होतात. ७१ कॅलरी गेल्या, पण त्या कधी मिळालेल्याच नव्हत्या, अंदाजावर उसन्या दिसत होत्या.

हालचालीची पातळी जितकी वर ठेवाल, तितकी ही उसनवारी मोठी. १.८ चा गुणक धरला तर त्याच ४ तासांचे ५१० धरले जातील आणि फटका ७१ ऐवजी २२७ चा बसेल, तोही जेवण उरकल्यावर. म्हणून ट्रॅकर जोडलेला असेल तर पातळी सगळ्यात खालची ठेवावी. दिवसभर उभं राहून काम असलं तरीही. ती हालचाल ट्रॅकर मोजतोच आहे.

ऋण अ‍ॅडजस्टमेंट ही सोय सेटिंगमध्ये वेगळी चालू करावी लागते. ती बंद असेल तर ट्रॅकरचा अंदाज अ‍ॅपपेक्षा कमी आला तरी ओळ शून्यावरच थांबते. वरच्याच माणसाचे ७ तास झोपेत गेले, तर सकाळी खरा फरक −१२४ असतो. सोय चालू असेल तर १६२५ चे १५०१ दिसतात, आणि पायपीट सुरू झाली की आकडा वर सरकतो. बंद असेल तर अ‍ॅप गोड आकडा दाखवत राहतं. आजारपणात किंवा दिवसभर बसून काढलेल्या रविवारी नेमकं इथेच जास्त खाल्लं जातं. एकतर्फी हिशेब ठेवण्यापेक्षा ही सोय चालू केलेली बरी. अपवाद ज्यांचं लक्ष्य आधीच तळाला टेकलं आहे त्यांचा. मायफिटनेसपॅल स्त्रियांना १२०० आणि पुरुषांना १५०० च्या खालचं लक्ष्य सुचवत नाही, त्याच्याही खाली उतरण्यात शहाणपण नाही.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो व्यायाम हाताने नोंदवताना. पोहणं किंवा सायकलिंग मायफिटनेसपॅलमध्ये लिहिलं की ती नोंद फिटबिटकडे जाते, आणि तेवढ्या वेळेपुरता ट्रॅकरने मोजलेला खर्च बाजूला सारून नोंदवलेला आकडा धरला जातो. म्हणून सुरुवातीची वेळ आणि कालावधी अचूक हवा. सकाळी ६:३० ला पोहून रात्री नोंद करताना वेळ ९ ची राहिली, तर सोफ्यावरच्या पाऊण तासावर पोहण्याचा खर्च चढतो आणि सकाळी ट्रॅकरने मोजलेलंही तसंच राहतं. साधं चालणं, धावणं मुळात लिहूच नका, ते ट्रॅकरवर सोडा. वजनं उचलल्याची नोंद स्ट्रेंग्थ विभागात केली तर तिला कॅलरीच लागत नाहीत. त्या हव्या असतील तर कार्डिओ विभागातली ‘स्ट्रेंग्थ ट्रेनिंग’ ही नोंद वापरावी लागते. असं का, याला समाधानकारक उत्तर नाही.

पावलं मोजण्यासाठी एकच साधन निवडा. फोन आणि मनगटावरचा पट्टा दोन्ही वेगवेगळ्या वाटांनी एकाच डायरीत आले की गोंधळ ठरलेला. दोन्ही अ‍ॅपमधलं वय, उंची, वजन आणि टाइम झोन जुळतात का, तेही पाहा. वजनात ५ किलोचा फरक राहिला तर वरच्या सूत्रात ५० कॅलरी, आणि १.२५ ने गुणल्यावर ६२, काही न करता रोज इकडच्या तिकडे होतात. टाइम झोन चुकला तर ‘आतापर्यंतचा खर्च’ चुकीच्या तासाला जोडला जातो आणि अ‍ॅडजस्टमेंट काहीच्या बाही येते. जोडणीत बिघाड आहे असं वाटलं की आधी या दोन गोष्टी तपासा, जोडणी तोडून पुन्हा करणं हा शेवटचा उपाय.

आणखी एक घोळ म्हणजे मायफिटनेसपॅलमधलं जेवण फिटबिटमध्येही दिसतं आणि तिथे वेगळा कोटा चालतो. दोन ठिकाणी दोन ‘उरलेले’ आकडे. एकाकडेच बघा. जेवण जिथे नोंदवता, तिथला धरा.

गणित चोख असलं तरी कच्चा माल तसा नाही. २०१७ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ६० जणांवर ७ मनगटी साधनं तपासली. ६ साधनांत हृदयगतीची चूक ५ टक्क्यांच्या आत होती. कॅलरीच्या बाबतीत मात्र सर्वात अचूक साधनही सरासरी २७ टक्के चुकलं, सर्वात वाईट ९३ टक्के. ती मॉडेलं आता जुनी झाली. तरी मनगटावरून ठोके आणि हालचाल टिपून खर्चाचा अंदाज बांधायची पद्धत तीच आहे. ट्रॉली ढकलताना हात हलत नाही, भांडी घासताना नको तितका हलतो.

म्हणून सुरुवातीला अ‍ॅडजस्टमेंटच्या निम्म्याच कॅलरी खा आणि बाकीचं वजनकाट्याला ठरवू द्या. पहिला आठवडा सोडून द्या, त्यात पाण्याची घट असते. मग ४ आठवडे रोज सकाळी वजन करून आठवड्याची सरासरी काढा. डायरीप्रमाणे रोज ५०० ची तूट पडली असेल तर २८ दिवसांत १४,००० होतात, आणि किलोला ७७०० धरून सुमारे १.८ किलो उतरायला हवं. उतरलं एकच किलो, तर ६३०० चा हिशेब लागत नाही, म्हणजे रोजचे २२५. त्यातले काही ट्रॅकरच्या फुगवट्याचे, काही अंदाजाने भरलेल्या वाटीचे. दोष कोणाचाही असो, पुढच्या महिन्यात लक्ष्यातून २२५ कमी करा, आणि ते १२००–१५०० च्या खाली जात असेल तर आधी अ‍ॅडजस्टमेंटचं खाणं थांबवा.